ब्रदर

अण्णांनी उभ्या आयुष्यात आपले पाय दुसऱ्या कुणाकडून धुऊन घेतले नव्हते. लग्नात सासऱ्यांनी धुतले असतील, तेवढेच. २०१३ च्या उन्हाळ्यात पिट्सबर्गच्या एका हॉस्पिटलात, सहा फूट उंचीच्या, तांबूस दाढीच्या, दंडभर गोंदवून घेतलेल्या एका अमेरिकन पोरानं कोमट पाण्याचा टब त्यांच्या पलंगाशी आणून ठेवला, तेव्हा अण्णांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

अण्णा कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका फाउंड्रीत मोल्डर होते. चौतीस वर्षं काळ्या वाळूचे साचे भरले, वितळलेल्या लोखंडाची लाडल उचलली, बीड ओतलं. आई गेल्यानंतर मी हट्टानं त्यांना अमेरिकेत आणलं आणि तीनच आठवड्यांत आमच्या घराच्या मागच्या पायरीवरून त्यांचा पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण उठता-बसता येईना. पोटच्या पोरालाही "तू भाईर थांब" म्हणणारा हा माणूस आता परक्या माणसाच्या हाती होता.

"वॉर्डबॉय हाय काय रं ह्यो?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"नाही अण्णा, नर्स आहे. रीतसर शिकून आलाय."

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे ब्रदर. मिरजंला मिशन हॉस्पिटलात असत्यात की."

हा शब्द मी विसरूनच गेलो होतो. आपल्याकडे दवाखान्यात बाई असेल तर सिस्टर आणि पुरुष असेल तर ब्रदर. अमेरिकेत अशा पुरुषाला अजूनही कितीतरी लोक 'मेल नर्स' म्हणतात. काम मुळात बाईचं, हा आपला त्यातला वेगळा, असं त्या जोडशब्दातच येऊन जातं. आपल्या लोकांनी मात्र काही विचार न करता त्याला भाऊ करून टाकलं.

त्या पोरानं आधी स्वतःच्या मनगटावर पाणी टाकून बघितलं. तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी आई बघते तसं. मग एकेक पाय तळव्यावर पेलून त्यानं धुतला, बोटांच्या बेचक्यांतून फडकं फिरवलं, टिपून कोरडा केला. पायाच्या वरच्या बाजूला, घोट्याखाली, अण्णांना पांढरे गुळगुळीत डाग होते. लहानपणी मी ते मोजायचो. तिथं त्याचा हात थांबला.

"स्टील?" त्यानं मला विचारलं.

मी म्हटलं, फाउंड्री. ओतताना रस उडून बुटात गेला की असे डाग पडतात.

"माझ्या आजोबांच्या पायांवर असेच होते. होमस्टेडला होते ते."

मी अण्णांना मराठीत सांगितलं. तेव्हा कुठे त्यांनी भिंतीकडचं तोंड इकडे वळवलं. "इचार त्याला, भट्टी किती टनाची व्हती?"

त्याला टन माहीत नव्हते. पण त्या रात्रीपासून पुढच्या पाच रात्री, पाळीतला जरा निवांत वेळ मिळाला की तो आमच्या खोलीत येऊन टेकायचा आणि मी दुभाषा व्हायचो. अमेरिकेत येऊन मला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. इथल्या पुरुषांबद्दल मला जे काही कळलंय, त्यातलं बरंचसं त्या पाच रात्रींत कळायला सुरुवात झाली.

होमस्टेड म्हणजे पिट्सबर्गच्या कुशीतलं, मनॉन्गहेला नदीच्या काठावरचं पोलादाचं गाव. १८९२ साली तिथल्या कामगारांनी अँड्र्यू कार्नेगीच्या कारखान्यात संप केला, मालकांनी बोटींतून खासगी पहारेकरी आणले, नदीकाठावर गोळीबार झाला आणि दोन्ही बाजूंची माणसं मेली. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचं पोलाद याच कारखान्यातून गेलं. दुसऱ्या महायुद्धात इथे पंधरा हजारांच्या आसपास माणसं राबत होती. आणि १९८६ मध्ये तो बंद पडला. आता त्या जागी दुकानं आहेत, सिनेमागृह आहे, मोटारी लावायला मैदानासारखी जागा आहे. जुन्या खुणांतल्या विटांच्या बारा चिमण्या तेवढ्या एका ओळीत उभ्या ठेवल्यात. मी तिथे पहिल्यांदा गेलो तो मुलासाठी बूट घ्यायला. त्या चिमण्यांखाली उभं राहिल्यावर उद्यमनगराचा भोंगा आठवला आणि बराच वेळ आत जाववेना.

त्या पोराचे आजोबा होमस्टेडला चाळीस वर्षं होते. घरी आले की बोलायचे नाहीत. त्यांनी बोलावं अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. पगार आणायचा, घराचे हप्ते फेडायचे, दुखलं-खुपलं तर दाखवायचं नाही, एवढ्यात पुरुषाचं सगळं आलं. त्याचे वडील शाळा संपताच त्याच कारखान्यात लागले. कारखाना बंद झाला तेव्हा ते तिशीत होते. त्यानंतर ते घराच्या तळघरात बसले. बसले म्हणजे खरोखर बसलेच. टीव्ही, बिअर आणि एक जुना सोफा. आई एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची उठबस करायला जाऊ लागली आणि घर तिच्या पगारावर चालू लागलं.

"माझ्या बापाला काम मिळत नव्हतं असं नाही," तो म्हणाला. "आईच्या वृद्धाश्रमात माणसं हवीच होती. अंगात बळ असलेली माणसं तर फारच हवी होती, म्हाताऱ्यांना उचलायला. पण ते काम केलं तर आपण पुरुष उरणार नाही, असं त्याला वाटायचं."

अण्णांना मी हे सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "हाय का अजून त्येचा बाप?" नव्हता. पोरगा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना गेला.

पिट्सबर्गच्या मधोमध ६४ मजल्यांचा एक मनोरा आहे. पोलाद कंपनीनं तो १९७० च्या सुमारास बांधला, रंग न देता, उघड्या तपकिरी पोलादाचा. आपलं पोलाद गंजलं तरी टिकतं, हे जगाला दिसावं म्हणून. २००८ पासून त्याच्या माथ्यावर जी अक्षरं झळकतात ती इथल्या विद्यापीठाच्या हॉस्पिटल समूहाची. नोकऱ्या देण्यात आता पोलाद कंपनी नव्हे, हा समूह आघाडीवर आहे. भट्ट्यांचं गाव दवाखान्यांचं गाव झालं. कामावर जाताना रोज मला तो मनोरा दिसतो आणि त्या तळघरातल्या सोफ्याची आठवण येते. काम गावातून गेलं नव्हतं, काम बदललं होतं. ज्या हातांना ते करता आलं असतं, त्या हातांना कुणी सांगितलंच नाही की हेही तुमचं काम आहे.

हे एकट्या पिट्सबर्गचं नाही. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या कारखान्यांत सुमारे एक कोटी पंच्याण्णव लाख लोक कामाला होते. २०१० च्या सुरुवातीला ते एक कोटी पंधरा लाखांच्या आसपास आले. ॲन केस आणि अँगस डीटन या अर्थतज्ज्ञ जोडप्यानं २०१५ मध्ये दाखवून दिलं, की मध्यमवयीन गोऱ्या अमेरिकनांचं मृत्यूचं प्रमाण कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय. दारूनं खराब झालेलं यकृत, अमली औषधं, आत्महत्या. पदवी नसलेल्यांत सर्वांत जास्त. २०२२ मध्ये या देशात ४९ हजारांवर लोकांनी स्वतःचा जीव घेतला आणि त्यांत पाचांतले जवळजवळ चार पुरुष होते. चार! एवढा आकडा दुसऱ्या कुठल्या आजाराचा असता तर पुरुषांसाठी गावोगाव शिबिरं भरली असती.

मला राग येतो तो इथे. अमेरिकेतल्या चर्चेत एक बाजू म्हणते, पुरुषांना आता बायकी करून टाकलं. दुसरी म्हणते, एवढी शतकं सगळं यांच्याच हातात होतं, आता थोडं सोसू द्या. या दोन ओरडण्यांच्या मधे तळघरातला तो माणूस कुणालाच दिसत नाही. त्याच्या हातून बायकोवरही अन्याय झाला असेल, नाही असं नाही. ती दिवसभर म्हाताऱ्यांना उचलून यायची आणि वर घरचं बघायची. पण त्याला जी एकच व्याख्या शिकवली होती ती त्याच्या देखत मोडली, आणि दुसरी शिकवायला कुणी आलं नाही.

खरं तर दुसरी व्याख्या तोवर या देशात जन्माला आली होती. तिची एक गोष्ट मला फार आवडते. न्यूजर्सीत स्टीफन वीझनफेल्ड नावाचा एक तरुण होता. बायको पॉला शाळेत शिकवायची, नवऱ्यापेक्षा जास्त कमवायची. १९७२ मध्ये बाळंतपणात ती गेली, मुलगा वाचला. स्टीफननं ठरवलं, या पोराला मी वाढवणार. पॉलाच्या पगारातून सामाजिक सुरक्षेचे पैसे कापले जात होते, म्हणून तो भत्ता मागायला गेला, तर उत्तर मिळालं की लेकरू सांभाळणाऱ्या विधवेला तो मिळतो, विधुराला मिळत नाही. त्या भत्त्याचं नावच आईच्या नावावर होतं. बाप घरी बसून मूल वाढवेल ही कल्पनाच कायदा करणाऱ्यांच्या डोक्यात आली नव्हती. स्टीफननं स्थानिक वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. रूथ बेडर गिन्सबर्ग या तेव्हाच्या प्राध्यापक-वकील बाईंनी त्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि मार्च १९७५ मध्ये न्यायालयानं एकमतानं स्टीफनच्या बाजूनं निकाल दिला. बायकांच्या हक्कांसाठी झगडणारी बाई एका बापाच्या कडेवरच्या मुलासाठी उभी राहिली, कारण गाठ एकच होती. बाईच्या कमाईला किंमत नाही आणि बापाच्या मायेला जागा नाही, या एकाच दोरीच्या दोन बाजू. पुढे न्यायाधीश झाल्यावर त्या मुलाचं लग्नही गिन्सबर्ग यांनीच लावलं.

कायदा बदलला तरी जागा बदलायला वेळ लागतो, हे मी स्वतः अनुभवलंय. आमचा मुलगा २००६ चा. तो दहा-अकरा महिन्यांचा असताना, ऐन थंडीत, मी एकटा त्याला घेऊन मोटारीनं निघालो होतो. वाटेत एका उपाहारगृहात थांबलो. त्याचं लंगोट बदलायचं होतं. बायकांच्या स्वच्छतागृहात बाळ ठेवायची फळी होती, पुरुषांच्या नव्हती. बाहेर बर्फ पडत होता. मी अंगातला कोट काढला, फरशीवर पसरला, आणि हात धुवायच्या बेसिनखालच्या ओल्या जागेत त्याला आडवा केला. लोक आमच्या डोक्यावरून हात धुऊन जात होते. एक आजोबा थांबले, खिशातला रुमाल काढून त्यांनी घडी केली आणि पोराच्या डोक्याखाली सरकवली. एक अक्षर बोलले नाहीत. बाहेर आल्यावर रुमाल परत द्यायला शोधलं तर ते निघून गेले होते. तो निळ्या चौकड्यांचा रुमाल आमच्या कपाटात अजून आहे.

पुढे २०१६ मध्ये ओबामांच्या सहीनं कायदा झाला, की केंद्र सरकारच्या ज्या इमारतींत लोकांची ये-जा असते, तिथे पुरुषांच्या स्वच्छतागृहातही अशी फळी हवी. २०१६! माणूस चंद्रावर जाऊन सत्तेचाळीस वर्षं झाली होती. पण बाप त्याआधीच बदलले होते. १९६५ मध्ये अमेरिकन बाप आठवड्याला सरासरी अडीच तास मुलांचं काही करायचे, २०१६ मध्ये आठ तास. हे तास कुणी भाषण देऊन वाढवले नाहीत. बायका नोकरीला लागल्या, घरात माणूस लागत होता, आणि पोराला एकदा छातीवर झोपवलं की त्याची गोडी लागते, एवढंच ते आहे. मला अण्णांनी कधी छातीवर घेतल्याचं आठवत नाही. त्यांना घ्यावंसं वाटत नसेल असं मी आता म्हणणार नाही. कामावरून आले की त्यांच्या अंगाला वाळू असायची आणि आई म्हणायची, आधी मोरीत जावा.

पिट्सबर्गचा दुसरा देव म्हणजे फुटबॉल, अंगावर धडका घेत खेळायचा तो अमेरिकन फुटबॉल. आपल्या कुस्तीसारखंच त्याचं आहे इथे. कोल्हापूरच्या तालमीत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. इथल्या संघाचं नावच स्टीलर्स, पोलादवाले. त्या संघाचा माइक वेबस्टर नावाचा खेळाडू चार अजिंक्यपदं मिळवून निवृत्त झाला आणि पुढे पुढे त्याला काही सुचेनासं झालं. कधी कधी तो आपल्या ट्रकमध्ये झोपायचा. २००२ मध्ये, पन्नाशीतच तो गेला. नायजेरियातून आलेल्या बेनेट ओमालू या डॉक्टरनं इथेच त्याच्या मेंदूची तपासणी केली आणि वर्षानुवर्षं डोक्याला बसलेल्या धक्क्यांनी मेंदू कसा झिजतो ते २००५ मध्ये जगापुढे मांडलं. 'लागलं तरी उठायचं' याची किंमत कुणीतरी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली धरून दाखवली.

आणि मग २ जानेवारी २०२३ ची ती सोमवारची रात्र. आमच्या शेजारचे आजोबा सामना बघायला आमच्याकडे आले होते. बफेलोच्या संघातून खेळणारा डामार हॅमलिन हा चोवीस वर्षांचा पोरगा, मूळचा पिट्सबर्गलगतच्या मकीझ रॉक्सचा. प्रतिस्पर्ध्याला अडवून तो उभा राहिला आणि ताठच्या ताठ मागे कोसळला. हृदय थांबलं होतं. मैदानावरच त्याच्या छातीवर दाब द्यायला सुरुवात झाली. त्याच्या संघातले एकेक अडीच-तीनशे पौंडांचे गडी त्याच्याभोवती कडं करून गुडघ्यांवर बसले होते, तोंड झाकून रडत होते, एकमेकांना धरून उभे होते. सगळा देश बघत होता. खेळ थांबवला आणि पुन्हा सुरू झाला नाही. पोरगा वाचला. शुद्धीवर आल्यावर बोलता येत नव्हतं, तर त्यानं कागदावर लिहून विचारलं, आपण जिंकलो का?

मला त्या कागदाबद्दल काय वाटतं ते नीट सांगता येत नाही. त्यात जुनं आणि नवं दोन्ही आहे. आजोबांनी त्या रात्री डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "आमच्या वेळी सामना थांबवला नसता." तक्रार म्हणून म्हणाले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "थांबवायला हवे होते असे बरेच होते."

त्यांच्या वेळी, १९७२ मध्ये, राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीतले एडमंड मस्की न्यू हॅम्पशरमध्ये बर्फात उभे राहून बोलत होते. एका वर्तमानपत्रानं त्यांच्या बायकोबद्दल वाईटसाईट छापलं होतं. बोलता बोलता त्यांचा आवाज भरून आला. बातम्यांत आलं की मस्की रडले. ते म्हणत राहिले, चेहऱ्यावर वितळलेला बर्फ होता. त्यांच्या राजकारणाला तो ओलावा फार महाग पडला. बायकोसाठी डोळे भरून येणं हा नवऱ्याचा दोष ठरला होता. त्याला पन्नास वर्षंच तर झाली.

पण आता सगळं मोकळं झालंय असं कुणी म्हणू नये. १९९० मध्ये शंभर अमेरिकन पुरुषांतले तीन म्हणायचे, आम्हाला जवळचा मित्र एकही नाही. २०२१ च्या पाहणीत पंधरा म्हणाले. पुरुषाची मैत्री कामाच्या जागी व्हायची, पाळी सुटल्यावर बारमध्ये, चर्चमध्ये, युनियनच्या खोलीत. त्या जागा गेल्या आणि मित्रही गेले. समोरासमोर बसून 'मला बरं वाटत नाही' म्हणायची सवय कुणालाच नव्हती, शेजारी उभं राहून काम करताना जे बोललं जायचं तेवढंच.

म्हणून लॉस एंजेलिसचा एक प्रयोग मला ग्रेट वाटतो. तिथल्या काळ्या पुरुषांत रक्तदाब फार आणि डॉक्टरकडे जायची वाट बंद. काळ्या माणसाला या देशानं जसं वागवलंय, त्यात त्यानं डॉक्टरवर विश्वास टाकावा तरी कसा? तर रोनाल्ड व्हिक्टर या डॉक्टरांनी औषधतज्ज्ञांनाच न्हाव्यांच्या दुकानांत पाठवलं. ५२ दुकानं, ३१९ गिऱ्हाइकं. २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आले. जिथे नुसता सल्ला दिला तिथे वरचा दाब सरासरी नऊ अंकांनी उतरला, जिथे खुर्चीतच औषध सुरू केलं तिथे सत्तावीस अंकांनी. माणूस तोच, औषधंही काही नवी नव्हती. ज्याच्या हातात आपण वर्षानुवर्षं आपली मान देतो, त्या माणसाच्या दुकानात ती आली एवढाच फरक.

माझ्या घरातली गोष्ट सांगायची मी टाळत आलोय, ती आता सांगतो. २०२२ मध्ये आमचा मुलगा सोळा वर्षांचा होता आणि रात्र रात्र व्हिडिओ बघायचा. त्यांत एक माणूस ओरडून सांगत असायचा, की पहाटे उठ, वजनं उचल, पैसा कर, बायकांपुढे झुकू नको, रडणारे ते हरणारे. मी ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मी त्याला म्हणालो, हे विष आहे. तेव्हा इथे 'विषारी पुरुषत्व' हा शब्द सगळीकडे होता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये मुलग्यांसोबत आणि पुरुषांसोबत काम करण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली होती, त्यावर वाद झाला होता, दाढीच्या पात्यांच्या एका जाहिरातीवरून २०१९ मध्ये तर रणकंदन झालं होतं. मीही तो शब्द उचलून त्याच्या तोंडावर मारला.

तो शांतपणे म्हणाला, "बाबा, कसं असू नये ते शाळेत सांगतात, तुम्ही सांगता, सगळेच सांगतात. कसं असावं, ते फक्त हाच सांगतो."

मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. विष हा शब्द मोठ्या माणसांच्या चर्चेत ठीक असेल, त्यात तथ्यही आहे. पण सोळा वर्षांच्या पोराला तो ऐकू येतो तेव्हा त्याला एवढंच कळतं की आपल्यातच काहीतरी खोट आहे. त्याच्या शाळेत पुरुष शिक्षक किती? देशभरच्या सरकारी शाळांत चारांत एकसुद्धा धड निघत नाही, प्राथमिकला तर नऊ-दहांत एक. नर्सांमध्ये १९७० साली शंभरात तीनही पुरुष नव्हते, आता आठांत एकाच्या आसपास आहेत. चढतंय, पण किती हळू. सांभाळणारा पुरुष त्यानं रोज बघायचा कुठे? रिचर्ड रीव्हज हे अभ्यासक काही वर्षांपासून कळकळीनं सांगतायत, की मुलींना विज्ञानात आणायला जसा पैसा आणि जोर लावला तसा मुलग्यांना शुश्रूषेत आणि शिक्षणात आणायला लावा. मला ते मनापासून पटतं. त्यात बायकांचं काही हिरावून घेणं नाही, त्यांच्या खांद्यावरचं निम्मं ओझं उचलणं आहे.

मुलाला मी भाषण दिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या ब्रदरची आणि अण्णांच्या पायांची गोष्ट सांगितली. तेव्हा तो सात वर्षांचा होता, त्याला टबातलं पाणी आठवत होतं. "आजोबा रडले होते ना?" त्यानं विचारलं. मी बघितलं नव्हतं. अण्णांचं तोंड भिंतीकडे होतं, आणि भिंतीच्या बाजूच्या खुर्चीत हा बसलेला होता.

अण्णा २०२० मध्ये कोल्हापुरात गेले. मला विमान मिळालं नाही. धाकट्या भावानं शेवटचे दोन महिने सगळं केलं, अंघोळीपासून. फोनवर एकदा म्हणाला, "दादा, पाणी मनगटावर बघून घ्यायला सांगत्यात मला." मी फोन ठेवला आणि गाडीत जाऊन बसलो.

शेजारच्या आजोबांचं राहिलं. १९४८ चा जन्म, वीस वर्षांचे असताना सक्तीच्या भरतीत व्हिएतनामला गेले, परत आल्यावर होमस्टेडला लागले, कारखाना बंद झाल्यावर शाळेची बस चालवली. उजव्या हाताचं एक बोट पेरापासून गेलंय. आजींना काही वर्षांपूर्वी विस्मरणाचा आजार जडला. त्यांचे केस लांब, पांढरेशुभ्र, आणि आयुष्यभर त्या एकच वेणी घालत आल्यात. त्यांना आता वेणी घालता येईना आणि केस मोकळे राहिले की त्या घाबऱ्याघुबऱ्या व्हायच्या. मदतीला येणाऱ्या बाईनं सुचवलं, कापून टाका. आजोबा आमच्या दारात आले आणि माझ्या बायकोला म्हणाले, मला शिकव.

आमच्या स्वयंपाकघरात खुर्चीच्या पाठीला सुताची दोरी बांधली, तीन पदर सोडले. "गुंता खालून सोडवायचा, वरून ओढायचं नाही. हात सैल ठेवा. उजवीकडचा पेड मधे, मग डावीकडचा मधे." त्यांचे हात केवढे! वेणी सुटायची, पुन्हा घालायची. कपाळावर घाम आला होता. तीन संध्याकाळी ते येत होते. चौथ्या दिवशी खिडकीतून बघितलं तर आजी त्यांच्या व्हरांड्यात बसलेल्या आणि आजोबा मागे उभे.

२०२४ च्या जानेवारीत मुलगा अठरा वर्षांचा झाला आणि सरकारचं पत्र आलं. अमेरिकेत सक्तीची भरती १९७३ मध्ये थांबली, पण नाव नोंदवायची सक्ती १९८० पासून पुन्हा आहे आणि ती फक्त मुलग्यांना. २०१५ मध्ये लढाईतल्या सगळ्या जागा बायकांना खुल्या झाल्या, तरी हे पत्र त्याच्या वर्गातल्या मुलींना आलं नाही. पत्र हातात घेऊन तो बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, आजोबांकडे जाऊन येतो.

मीही थोड्या वेळानं गेलो. आजी टीव्हीकडे तोंड करून बसल्या होत्या, आजोबा वेणी घालत होते, पत्र टेबलावर. "मला पत्र आलं तेव्हा माझा बाप म्हणाला, आता तू माणूस झालास," आजोबा सांगत होते. "मी दीड वर्ष त्याची वाट बघितली. तिथे तसं काही झालं नाही." एवढं बोलून ते थांबले, कारण एक बट हातातून निसटली होती. त्यांनी कंगवा दातांत धरला आणि पुन्हा खालून गुंता सोडवायला घेतला. आजी मधेच मुलाला म्हणाल्या, "हा माणूस कोण आहे ठाऊक नाही, पण हात चांगला आहे त्याचा."

मुलगा काही बोलला नाही. केसांचं रबर त्यानं आपल्या दोन बोटांवर ताणून धरलं होतं, शेवटचा पेड पडेपर्यंत.